काठावरचं मत

कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या लोकलमध्ये उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्टेशनं पाठोपाठ येतात. डब्यात उभ्या असलेल्या माणसाला उल्हासनगर कुठे संपलं आणि अंबरनाथ कुठे लागलं हे कळतही नाही. मतदार यादीला मात्र नेमकं कळतं. या तीन स्टेशनांना तीन वेगळे विधानसभा मतदारसंघ आहेत: उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरसाठी मुरबाड. लोकसभेला पहिली दोन शहरं कल्याणमध्ये मोजली जातात आणि बदलापूर भिवंडीत. सकाळी एकाच डब्यात खांद्याला खांदा लावून जाणाऱ्या दोघांच्या मतांचं वजन त्यामुळे एकसारखं नसतं.

बदलापूर पश्चिमेच्या सोनिवलीतला एक मतदार डोळ्यांसमोर आणा. २० मे २०२४ ला त्याने भिवंडी लोकसभेसाठी मत दिलं, २० नोव्हेंबरला मुरबाड विधानसभेसाठी आणि डिसेंबर २०२५ मध्ये कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेसाठी. तो कुठल्या पक्षाचा आहे हे इथे महत्त्वाचं नाही. समजा, तिन्ही वेळा त्याच्यापुढे एकच पेच होता: पक्ष आपला, पण दिलेला उमेदवार पटत नाही. मन मारून चिन्हाचं बटण दाबावं, तिसऱ्या कुणाला मत द्यावं, ‘नोटा’ दाबावं की घरीच बसावं?

या प्रश्नावर चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या गच्चीपर्यंत खूप वाद होतात आणि बहुतेक वाद निष्ठा विरुद्ध विवेक असे रंगतात. मला वाटतं, त्याआधी एक साधी गोष्ट तपासायला हवी. आपण कुठल्या मतदारसंघात उभे आहोत? बालेकिल्ल्यात की काठावर?

अमेरिकेत हा हिशेब उघडपणे मांडला जातो. तिथे राष्ट्राध्यक्ष थेट देशभरच्या बेरजेवर निवडला जात नाही. राज्यांना मिळून ५३८ निर्वाचक मतं वाटलेली आहेत आणि २७० ला सत्ता मिळते. मेन आणि नेब्रास्का सोडली तर बाकी सगळ्या राज्यांत एका मताने पुढे असलेलाही राज्याची सर्व निर्वाचक मतं घेऊन जातो. त्यामुळे कॅलिफोर्नियासारख्या ठरलेल्या राज्यात कुणी फिरकत नाही आणि मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया यांसारख्या दोलायमान राज्यांत सगळा पैसा आणि सगळी भाषणं ओतली जातात. २००० साली फ्लोरिडात जॉर्ज बुश यांनी अल गोर यांच्यावर ५३७ मतांनी मात केली आणि देश जिंकला. त्याच राज्यात ग्रीन पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांहून जास्त मतं होती. ‘पटत नसला तरी आपल्या पक्षाच्या उमेदवाराला मत द्यावं का’ हा वाद तिथे तेव्हापासून दर चार वर्षांनी नव्याने पेटतो.

आपल्याकडे दोलायमान राज्यं नाहीत, दोलायमान मतदारसंघ आहेत. त्यातला एक सोनिवलीहून दोन स्टेशनांवर आहे. उल्हासनगर २००९ मध्ये भाजपच्या कुमार आयलानींकडे गेलं, २०१४ मध्ये राष्ट्रवादीच्या ज्योती कलानींकडे आणि २०१९ मध्ये पुन्हा आयलानींकडे. २०१४ आणि २०१९ या दोन्ही वेळा फरक होता सुमारे २ हजार मतांचा. २०१४ मध्ये शेजारच्या अंबरनाथमध्येही शिवसेनेचे बालाजी किणीकर भाजपच्या राजेश वानखेडेंपेक्षा सुमारे २ हजारांनीच पुढे राहिले.

२ हजार हा आकडा कानाला मोठा वाटतो, म्हणून तो केंद्रांवर वाटून पाहू. एका मतदान केंद्रावर साधारण हजार-बाराशे नावं असतात, म्हणजे एका विधानसभा मतदारसंघात अडीचशेच्या आसपास केंद्रं धरता येतात. २ हजारांचा फरक म्हणजे केंद्रामागे आठ मतं. त्यातल्या चौघांनी इकडून तिकडे जायचं ठरवलं की निकाल बरोबरीत येतो. चौघं म्हणजे एक घर.

इथे एक गणित आहे आणि ते रागाच्या भरात हमखास विसरलं जातं. आपल्या उमेदवारावर चिडून तुम्ही थेट प्रतिस्पर्ध्याला मत दिलंत, तर फरक दोन मतांनी बदलतो: इकडचं एक कमी, तिकडचं एक जास्त. तिसऱ्याला दिलंत, ‘नोटा’ दाबलंत किंवा घरी बसलात, तर फरक एका मताने बदलतो. निकालाच्या दृष्टीने या शेवटच्या तीन कृती सारख्याच आहेत, मनाला त्या कितीही वेगळ्या वाटल्या तरी. ‘नोटा’ २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आलं, पण लोकसभा-विधानसभेत त्याला पाडण्याची ताकद दिलेली नाही. २०१९ मध्ये लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ २७ हजारांहून अधिक मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आलं. धीरज देशमुख तरीही आमदार झाले आणि ते नियमाला धरूनच होतं. २०२४ मध्ये मुंबई वायव्यचा निकाल ४८ मतांनी लागला, रवींद्र वायकर जिंकले आणि अमोल कीर्तिकर हरले. त्या मतदारसंघात ‘नोटा’ला पंधरा हजारांहून जास्त मतं होती. त्या पंधरा हजारांतल्या प्रत्येकाने आपलं म्हणणं नोंदवलं, पण खासदार कोण हे इतरांवर सोपवलं.

आता सोनिवलीच्या पहिल्या मताकडे, म्हणजे भिवंडीकडे. हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून जन्मला आणि २००९ मध्ये काँग्रेसच्या सुरेश टावरेंनी तो जिंकला. २०१४ मध्ये राष्ट्रवादीतून भाजपमध्ये आलेले कपिल पाटील एक लाखाहून जास्त मतांनी आले. त्या निवडणुकीत मनसेचे उमेदवार होते सुरेश म्हात्रे, म्हणजे बाळ्यामामा. २०१९ मध्ये पाटलांनी टावरेंना दीड लाखाहून अधिक मतांनी हरवलं. एवढ्या फरकावर कुणीही या जागेला बालेकिल्ला म्हटलं असतं.

२०२४ मध्ये महाविकास आघाडीने ही जागा काँग्रेसकडून काढून शरद पवारांच्या राष्ट्रवादीला दिली आणि उमेदवार झाले तेच बाळ्यामामा. ज्याने आयुष्यभर पंजावर शिक्का मारला, मग बटण दाबलं, त्या भिवंडीच्या काँग्रेस मतदाराला आता तुतारी वाजवणारा माणूस शोधायचा होता. स्थानिक काँग्रेसमध्ये नाराजी होती आणि ती लपलेली नव्हती. दुसऱ्या बाजूला दहा वर्षं खासदार आणि शेवटची तीन वर्षं केंद्रात राज्यमंत्री असलेल्या पाटलांबद्दलही महायुतीत सगळे खूश नव्हते. म्हणजे दोन्हीकडच्या मतदारांपुढे प्रश्न एकच: आपल्या बाजूचा उमेदवार मनाजोगा नसताना काय करायचं? तिसरा पर्यायही भक्कम होता. जिजाऊ संघटनेचे नीलेश सांबरे अपक्ष उभे होते.

निकाल असा लागला: म्हात्रे ४,९९,४६४, पाटील ४,३३,३४३, सांबरे २,३१,४१७. फरक ६६,१२१. सांबरेंची मतं फरकाच्या साडेतीन पट. २० लाखांवर मतदारांच्या या मतदारसंघात सुमारे दोन हजार केंद्रं धरली, तर फरक केंद्रामागे तेहेतीस मतांच्या आसपास येतो. सोनिवलीच्या शाळेतल्या एका खोलीतून सतरा माणसांनी बाजू बदलली असती आणि तसंच प्रत्येक केंद्रावर घडलं असतं, तर दिल्लीला दुसरा माणूस गेला असता.

निकालानंतर ‘सांबरेंनी मतं खाल्ली’ असं सर्रास बोललं गेलं. हा शब्दप्रयोग मला मान्य नाही. खाल्ली म्हणायचं तर ती मतं आधी कुणाच्या तरी ताटात होती असं धरावं लागतं. मत मतदाराचं असतं, पक्षाचं नसतं. सांबरे नसते तर त्यांचे काही मतदार इकडे गेले असते, काही तिकडे, काही घरी राहिले असते. ज्याला खरोखर सांबरेच हवे होते, त्याचं मत अजिबात वाया गेलं नाही. वाया गेलं ते त्याचं, ज्याला पहिल्या दोघांपैकी एक नक्की नको होता, पण रागाच्या भरात ज्याने तो रोखण्याची संधी सोडून दिली. एका जागेसाठी सर्वाधिक मतांवर निकाल लागतो तिथे लढत हळूहळू दोन गटांत आटते, असं फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५० च्या दशकात मांडलं. लोक मत वाया जाऊ देत नाहीत, हे त्यामागचं एक कारण. आपल्याकडे मात्र लोक पुष्कळदा वाया जाऊ देतात, आणि कधी कधी त्यांच्याकडे त्याचं सबळ कारणही असतं.

औरंगाबादचं २०१९ आठवा. चंद्रकांत खैरे १९९९ पासून शिवसेनेचे खासदार. शहरातल्या पाण्यावरून, कचऱ्यावरून लोक त्रासलेले. शिवसेनेतूनच बाहेर पडलेले हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे राहिले आणि त्यांनी २ लाख ८३ हजार मतं घेतली. खैरे एमआयएमच्या इम्तियाज जलील यांच्याकडून ४,४९२ मतांनी पडले. उमेदवार बदला, असा संदेश याहून मोठ्या आवाजात देता आला नसता. पाच वर्षांनी, पक्ष फुटल्यानंतर, ठाकरेंच्या शिवसेनेने पुन्हा खैरेंनाच तिकीट दिलं आणि ते तिसरे आले. उमेदवार पाडून पक्षाला शहाणं करता येतं हा समज इथे टिकत नाही. पाडण्याची किंमत मतदार त्याच दिवशी मोजतो. पक्ष धडा घेईल याची हमी त्याला कुणी दिलेली नसते.

तरीही नाराजी कुठेतरी बोलता आली पाहिजे. ती कुठे बोलावी, हा मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. अमेरिकेत त्यासाठी आधी एक वेगळी पायरी आहे. पक्षाचा उमेदवार कोण हे पक्षाचे मतदारच प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. २७ फेब्रुवारी २०२४ ला मिशिगनमधल्या एक लाखाहून जास्त डेमोक्रॅटिक मतदारांनी गाझाच्या प्रश्नावर बायडेन यांचा निषेध म्हणून ‘कुणालाच नाही’ असं मत दिलं. पक्षाला इशारा मिळाला आणि त्या दिवशी समोरच्या पक्षाचा काहीही फायदा झाला नाही. नोव्हेंबरात तोच मतदार खऱ्या लढतीत उभा राहिला तेव्हा मात्र प्रत्येक मताला किंमत होती. ट्रम्प यांनी ते राज्य सुमारे ८० हजार मतांनी घेतलं.

त्याच मिशिगनमध्ये आपल्या ओळखीचं एक नाव आहे. बेळगावात वाढलेले, मराठीत आत्मचरित्र लिहिलेले श्री ठाणेदार डेट्रॉईटच्या मतदारसंघातून अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसतात. हा मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. नोव्हेंबरची निवडणूक तिथे उपचारापुरती, खरी लढत ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत. २०२२ मध्ये तिथे उमेदवारांची गर्दी झाली, मतं विखुरली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर उमेदवार ठरले. डेट्रॉईटचा मतदार राष्ट्राध्यक्ष निवडताना काठावर उभा असतो आणि खासदार निवडताना बालेकिल्ल्यात. एकाच माणसाने या दोन मतांसाठी दोन वेगळे विचार करणं यात काहीही विसंगत नाही.

सोनिवलीचंही नेमकं हेच आहे. लोकसभेला काठावरचा हा मतदार सहा महिन्यांनी विधानसभेला मुरबाडमध्ये मत द्यायला गेला आणि तिथे चित्र वेगळं होतं. किसन कथोरे २००९ मध्ये राष्ट्रवादीकडून तिथे आमदार झाले, २०१४ मध्ये भाजपकडून, आणि २०१९ मध्ये तब्बल १ लाख ३६ हजारांच्या फरकाने. २०२४ मध्ये फरक बराच घटला, पण पन्नास हजारांवर राहिला, आणि लोकसभेपेक्षा कितीतरी लहान असलेल्या विधानसभा मतदारसंघात तो मोठाच. अशा ठिकाणी नाराज मतदाराचं मत निकाल हलवत नाही, म्हणूनच ते निर्धास्तपणे बोलू शकतं. दगडाला शेंदूर फासला तरी निवडून येतो, असं ज्या मतदारसंघाबद्दल म्हणतात, तिथे जिंकणाऱ्याला नडते ती फक्त घटलेली आघाडी. विरोधी बाजूच्या मतदारालाही अशा जागी नावडत्या उमेदवाराचं ओझं वाहायची सक्ती नाही.

आपल्याकडे प्राथमिक निवडणूक नाही. तिकीट मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं, कधी अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्री ठरतं. त्यामुळे आपला मतदार पहिला आणि शेवटचा शब्द एकाच बटणाने बोलतो. ही आपल्या लोकशाहीतली मोठी उणीव आहे आणि पक्षांनी ती भरून काढावी असं मला मनापासून वाटतं.

‘मी पक्ष बघत नाही, माणूस बघतो’ असं अभिमानाने सांगणारे खूप भेटतात. त्यांच्यासमोर एक कायदा ठेवायला हवा. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. त्यानुसार सभागृहात पक्षादेश मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे तुम्ही निवडलेला सज्जन माणूस एखाद्या विधेयकावर तुमच्यासारखाच विचार करत असला, तरी हात वर करताना पक्षाचं ऐकतो. सभागृहातल्या मतापुरता उमेदवार म्हणजे पक्षच, आणि काठावरच्या जागेत पक्षाच्या उमेदवाराला साथ देण्याच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

पण या मुद्द्याचा पाया महाराष्ट्रानेच हलताना पाहिला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. निवडणूक आयोगाने धनुष्यबाण एकनाथ शिंदेंकडे दिला, घड्याळ अजित पवारांकडे. ज्याने २०१९ मध्ये उमेदवार न आवडूनही चिन्हासाठी मत दिलं, त्याने आपलं मत नेमकं कुणाला दिलं होतं? गोव्यात जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, चर्च आणि दर्ग्यात पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण सप्टेंबरात भाजपमध्ये गेले. दोन तृतीयांश सदस्य एकत्र निघाले की विलीनीकरणाची वाट कायद्यातच मोकळी आहे. २०१४ मध्ये अंबरनाथमध्ये भाजपकडून लढलेले वानखेडे २०२४ मध्ये त्याच किणीकरांविरुद्ध ठाकरेंच्या शिवसेनेकडून उभे राहिले. म्हणून उमेदवार जोखताना मी त्याच्या स्वभावाआधी त्याचा प्रवास पाहण्याचा आग्रह धरते. तो किती वेळा पक्ष बदलून आला, आणि प्रत्येक वेळी जाताना काय मिळवून गेला?

सोनिवलीचं तिसरं मत नगरपरिषदेचं, आणि तिथे सगळेच आकडे लहान होतात. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो आणि प्रभागातून बहुतेक ठिकाणी दोन नगरसेवक. म्हणजे एकाच खेपेत तीन बटणं. प्रभागातला फरक शंभर-दोनशे मतांचाही असू शकतो, म्हणून जागा जवळजवळ नेहमीच काठावर. पण इथे पक्षादेशापेक्षा नळाला पाणी कधी येतं, गटार कोण साफ करून घेतं हे मोठं. या निवडणुकांपुरता ‘नोटा’लाही अर्थ आहे: राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार ‘नोटा’ पहिलं आलं तर फेरनिवडणूक होते. पक्षाचा नगराध्यक्ष आणि दुसऱ्याच बाजूचा नगरसेवक, असं मत विभागून देणं इथे अगदी रास्त आहे.

फक्त त्याचं पुढे काय होतं तेही पाहावं. डिसेंबर २०२५ मध्ये अंबरनाथकरांनी नगराध्यक्षपद भाजपच्या तेजश्री करंजुलेंना दिलं आणि ५९ पैकी सर्वाधिक २७ नगरसेवक शिंदेंच्या शिवसेनेचे निवडले. भाजपचे १४ आले, काँग्रेसचे १२. जानेवारीत सत्तेच्या जुळणीसाठी भाजप आणि काँग्रेस एकाच आघाडीत बसले. गदारोळ झाला, काँग्रेसने आपले बाराही नगरसेवक निलंबित केले आणि ते भाजपमध्ये गेले. भाजप नको म्हणून ज्याने पंजा दाबला होता, त्याचं मत महिन्याभरात कमळाच्या बाजूला मोजलं गेलं.

हे सगळं डोळ्यांपुढे ठेवूनही मी काठावरच्या जागेत आपल्या बाजूच्या उमेदवाराला मत द्यावं असंच म्हणेन, जर उरलेला पर्याय आपल्याला खरोखर घातक वाटत असेल. एक मर्यादा मात्र मी सोडत नाही. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत नमुना २६ मध्ये शपथपत्र द्यावं लागतं: मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्ह्यांची माहिती. गुन्हे असलेला उमेदवार का निवडला याची कारणं पक्षांनी जाहीर करावीत आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२० चा आदेश आहे. माणसांवरच्या अत्याचाराचा, स्त्रीवरच्या हिंसेचा गंभीर आरोप न्यायालयात निश्चित झालेला उमेदवार माझ्या बाजूने उभा केला, तर तिथे फरक ४८ मतांचा असला तरी माझं बोट त्या बटणाकडे जाणार नाही. ती जागा गमावल्याचा हिशेब मग पक्षाने द्यायचा.

शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर अर्ज भरल्यानंतर लगेच दिसू लागतात. अर्ज माघारी घ्यायला त्यानंतरही थोडे दिवस असतात. त्या दिवसांत पक्षाच्या स्थानिक कार्यालयात चार मतदारांनी एकत्र जाऊन ‘हा माणूस आम्हाला चालणार नाही’ असं सांगितलं, तर त्यांना बाहेर काढणं कुठल्याच शाखाप्रमुखाला किंवा मंडल अध्यक्षाला परवडत नाही. केंद्रामागे आठ मतांचा हिशेब त्यांनाही पाठ असतो.